तोंडाच्या आतले आजार कसे पाहावेत : गावपातळीवर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

गावात नव्याने काम सुरू करणाऱ्या आशा ताई, उपकेंद्रावर रुजू झालेल्या आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांचा ताप, खोकला, जुलाब यांवर हात लवकर बसतो. तोंडाच्या आतले आजार मात्र पुष्कळदा नजरेतून सुटतात, कारण तोंड उघडायला सांगितल्याशिवाय ते दिसत नाहीत आणि माणूस आपणहून ते दाखवत नाही. निदान करणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. नीट पाहणे, किती दिवस झाले ते मोजणे आणि कोणाला आजच, कोणाला या आठवड्यात पाठवायचे ते ओळखणे, हे तुमचे काम. यातही दिवस मोजण्याला मी सर्वांत वरचे स्थान देतो, कारण तोंडातले जे खूप दुखते ते बहुधा दोन आठवड्यांत बरे होते आणि जे जिवावर बेतते ते सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

तयारी आणि विचारपूस

तोंड पाहण्यासाठी उजेड लागतो. स्वयंपाकघराच्या अंधारात, मोबाइलच्या दिव्यात जे पांढरे वाटते ते अंगणात गुलाबी निघते. म्हणून माणसाला ओसरीत किंवा अंगणात खुर्चीवर, नाही तर बाजेवर, उजेडाकडे तोंड करून बसवावे आणि वर बॅटरी वापरावी. हात साबणाने धुऊन हातमोजे घालावेत आणि ते प्रत्येक माणसामागे बदलावेत. गाल बाजूला धरायला एकदाच वापरायची लाकडी पट्टी नसेल, तर उकळून घेतलेल्या स्टीलच्या चमच्याचा दांडा चालतो. जीभ धरायला स्वच्छ जाळीचे कापड जवळ ठेवावे. कवळी असेल तर ती काढायला सांगावी, आणि पाहण्यापूर्वी दोन-तीन चुळा भरायला लावाव्यात, कारण खर्ऱ्याचा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणाचा) चोथा गालात अडकलेला असला की त्याखालचा चट्टा झाकला जातो.

चुळा भरून होईपर्यंत विचारपूस सुरू करावी. किती दिवसांपासून आहे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर तारखेत क्वचितच मिळते. 'लय दिवस झाले' असे म्हणणाऱ्या काकांना पोळ्याच्या आधी सुरू झाले की नंतर, सोयाबीन काढणीच्या वेळी होते का, असे विचारले की बऱ्यापैकी नेमका काळ हाती लागतो. त्यानंतर ताप आहे का, आधी असे कधी झाले होते का, मधुमेह आहे का, घरात किंवा शाळेत आणखी कोणाला असेच झाले आहे का, हे विचारावे.

खर्रा, तंबाखू, सुपारी किंवा दात-हिरड्यांना घासायची गुडाखू, मिश्री, नस ही तंबाखूची रूपे यांबद्दल विचारताना 'खाता का?' असे न विचारता 'कोणत्या गालात धरता?' असे विचारावे. या प्रश्नात दोष दिल्याचा सूर नसतो आणि आजार कोठे शोधायचा ते आपोआप कळते. पन्नीत घोटलेला खर्रा माणूस वर्षानुवर्षे एकाच बाजूला धरतो आणि चट्टाही बहुधा तिथेच उठतो. बायकांना हा प्रश्न घरातले पुरुष समोर नसताना विचारावा. हिरडीला नस किंवा मिश्री घासणाऱ्या कितीतरी बाया स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत, म्हणून पदार्थाचे नाव घेऊन विचारलेले बरे.

पाहण्याचा क्रम

क्रम ठरलेला असावा आणि तो दरवेळी तोच असावा, म्हणजे एखादी जागा राहून जात नाही. आधी तोंड मिटलेले असताना चेहरा समोरून पाहावा, म्हणजे एका बाजूची सूज लगेच लक्षात येते. मग ओठ आणि ओठांचे कोपरे पाहावेत. त्यानंतर ओठ उलटून आतली बाजू, मग एकेक गाल, वरच्या-खालच्या हिरड्या, जिभेचा वरचा भाग, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टाळू आणि शेवटी घसा. जिभेच्या कडा पाहताना जीभ कापडाने हलकेच धरून एकेका बाजूला वळवावी लागते. नुसते 'जीभ काढा' म्हटल्याने मागची कड दिसत नाही, आणि ती कड व जिभेखालची जागा या दोन ठिकाणी कर्करोगाचा व्रण सर्वाधिक लपून राहतो. शेवटी जबड्याखाली आणि मानेवर बोटे फिरवून गाठी लागतात का ते पाहावे. दुखरी, मऊ गाठ बहुधा जंतुसंसर्गाची असते. टणक, न दुखणारी आणि जागेवर घट्ट बसलेली गाठ दिसली की विलंब न करता डॉक्टरांकडे पाठवावे.

त्याबरोबर तोंड किती उघडते ते मोजावे. माणसाने स्वतःचीच तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालावीत. तीन बोटे सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर तशी नोंद करावी आणि कारण शोधायला पाठवावे.

काही गोष्टी दिसायला विचित्र असल्या तरी आजार नसतात. गालाच्या आत दातांच्या रेषेत असलेली बारीक पांढरी रेघ, ओठांच्या आतले पिवळसर दाणे, टाळूच्या मध्यावरचा वर्षानुवर्षांचा हाडाचा उंचवटा आणि जागा बदलत राहणारे जिभेवरचे नकाशासारखे पट्टे यांनी घाबरून जाऊ नये. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत दातांवर जे तपकिरी डाग दिसतात ते बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पडतात; ते डाग संसर्गाचे नव्हेत, मात्र त्या पाण्याचा प्रश्न ग्रामपंचायतीपुढे जरूर मांडावा.

तान्ही बाळे आणि लहान मुले

नवजात बाळाच्या गृहभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी होतात, आणि घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. या प्रत्येक भेटीत बाळाचे तोंड पाहायचे असते. जिभेवर पांढरे दिसले तर ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसून पाहावे. दुधाचा थर असेल तर तो लगेच निघतो. बुरशी असेल तर दह्याच्या कणांसारखा थर जिभेवर, गालांत आणि टाळूवर चिकटून बसतो, सहज निघत नाही, आणि निघालाच तर खालची जागा लाल, क्वचित रक्ताळलेली दिसते. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून ०.२५ टक्के तीव्रतेचे जांभळे औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, किंवा डॉक्टरांनी दिलेले दुसरे बुरशीनाशक लावावे लागते. बाळाच्या आईचे स्तनाग्र लाल झाले असेल, दुखत किंवा खाजत असेल, तर तिच्यावरही उपचार व्हायला हवेत, नाही तर बुरशी आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे फिरत राहते. अंगावरचे दूध मात्र थांबवू नये. बाळ दूधच ओढत नसेल, तर ती गोष्ट बुरशीपेक्षा मोठी समजून त्याला त्याच दिवशी पाठवावे.

येथे एका घरगुती उपायाबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. बाळाचे तोंड आले की टाकणखाराची लाही मधात कालवून चाटवण्याची रीत अनेक घरांत आहे आणि घरातल्या आजीबाई ती मोठ्या विश्वासाने सांगतात. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो पोटात गेल्याने तान्ह्या बाळांना झटके आल्याचे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे, आणि एक वर्षाच्या आत मधही देऊ नये. आजीशी वाद घालू नये. 'आजी, दवाखान्यातलं जांभळं औषध आधी लावून पाहू' एवढे म्हटले तरी बहुतेक वेळा भागते.

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलात जोराचा ताप, लाल सुजलेल्या व सहज रक्त येणाऱ्या हिरड्या, तोंडभर बारीक फोड आणि सतत गळणारी लाळ असे एकत्र दिसले, तर तो बहुधा नागीण कुळातल्या हर्पिस विषाणूचा पहिला संसर्ग असतो. तोंडात फोड आणि त्याबरोबर तळहात, तळपाय, कधी ढुंगणावर पुरळ असेल, तर तो हात-पाय-तोंडाचा आजार असतो. हा आजार अंगणवाडीत एकाला झाला की चार मुलांपर्यंत पोचतो. गावात याला जनावरांच्या लाळ्या-खुरकुताशी जोडून 'गोठ्यातून आलं' असे म्हणतात, पण त्या दोन आजारांचे विषाणू वेगळे आहेत आणि गाई-म्हशींचा यात काही संबंध नाही. दोन्ही आजार साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या-इंजेक्शनांनी लवकर बरे होत नाहीत. खरा धोका आहे तो मूल दुखण्यामुळे पाणीही पीत नाही याचा. म्हणून गार दूध, भाताची पेज, ओआरएस असे घोटाघोटाने पाजत राहावे, तिखट-आंबट टाळावे, आणि सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा मूल मलूल पडले असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. मुलाचा पेला-चमचा वेगळा ठेवावा, आणि शी-शू काढल्यावर हात साबणाने धुवावेत.

ताप, वाहते नाक आणि लाल डोळे असलेल्या मुलाच्या गालाच्या आत, दाढांच्या समोर, लाल पृष्ठभागावर मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके दिसले तर गोवर समजावा. अंगावर पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधी ते दिसतात. अशा मुलाची खबर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावी, जीवनसत्त्व 'अ' मिळाले का ते पाहावे, आणि गावातल्या कोणत्या मुलांचे नवव्या महिन्याचे आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधले गोवर-रुबेलाचे डोस राहिले आहेत ते रजिस्टरात तपासावे. घशात टॉन्सिलवर करडा, चिवट पापुद्रा आणि सुजलेली मान दिसली तर घटसर्पाचा संशय धरावा. तो पापुद्रा खरवडू नये, कारण त्यातून रक्त येते; मुलाला तातडीने पाठवावे.

मेळघाटासारख्या भागात काम करणाऱ्यांनी आणखी एक आजार लक्षात ठेवावा. अतिशय कुपोषित मुलात, विशेषतः गोवर होऊन गेल्यावर, हिरडीवर दुर्गंधीयुक्त व्रण होऊन काही दिवसांत गालावर काळी जागा पडते. या आजाराला नोमा म्हणतात. तो आता दुर्मीळ असला, तरी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत त्याचा समावेश केला आहे. तोंडाची घाण येणारे कुपोषित मूल हे एवढ्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहिले पाहिजे.

मोठ्या माणसांतले संसर्ग

नेहमीचे 'तोंड येणे' म्हणजे मध्ये पिवळसर आणि भोवती लाल कडा असलेले, झोंबणारे छोटे व्रण. ते सात ते चौदा दिवसांत बरे होतात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भरल्या की आराम पडतो. हेच व्रण पुन्हा पुन्हा येत असतील, जीभ गुळगुळीत आणि ओठांचे कोपरे फाटलेले असतील, तर रक्तातले लोह आणि बी-१२ कमी असण्याची शक्यता असते, म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

प्रौढ माणसाच्या तोंडात बुरशी दिसली तर ती का झाली हे शोधावे लागते. रात्रीही न काढलेली कवळी किंवा दम्याचा पंप घेतल्यावर चूळ न भरणे ही साधी कारणे झाली. ती नसतील तर रक्तातली साखर तपासावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने एचआयव्हीची तपासणी सुचवावी. एचआयव्हीबद्दल बोलणे एकट्या माणसाशी, बंद दाराआड व्हावे, आणि त्यातले अक्षरही पाणवठ्यावर पोचता कामा नये. एकदा तसे झाले की त्या गावात कोणी तुमच्यापुढे तोंड उघडणार नाही.

दाढेच्या किडीपासून होणारे गळू हे खेड्यात सर्वांत जास्त दिसणारे आणि सर्वांत जास्त हेळसांड होणारे दुखणे आहे. दातात किडा असा नसतोच. जीवाणू गोडाचे आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात पोखरला जातो, त्यामुळे आठवडी बाजारात धुरी देऊन दाढेतून 'किडा' काढून दाखवणारा माणूस पैशांशिवाय काहीही काढत नाही. दुखऱ्या दाढेवर तंबाखूची गोळी, रुईचा चीक किंवा गोळीची पूड ठेवली की हिरडी पोळून पांढरी पडते आणि मूळ दुखणे तसेच राहते. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये. कोमट मीठपाण्याच्या चुळा भराव्यात, डॉक्टरांनी दिलेले दुखणे थांबवणारे औषध घ्यावे आणि दोन-तीन दिवसांत दंतचिकित्सकांकडे जावे. नुसत्या गोळ्यांनी सूज उतरते, पण दाताचा उपचार झाला नाही तर ती पुन्हा येते. दात काढायला जाणाऱ्या माणसाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, तर त्याचे कार्ड बरोबर द्यावे आणि डॉक्टरांना आधी सांगायला लावावे. पूर्व विदर्भात हे विसरून चालत नाही.

दोन आठवड्यांहून जुना, जिभेवरचा दुखरा व्रण आणि त्याबरोबर खोकला, वजन घटणे असे असेल तर क्षयरोग मनात धरून थुंकीची तपासणी करून घ्यावी.

जे दुखत नाही

'दुखत तं नाही, मंग दवाखान्यात कायले जाऊ?' हा प्रश्न तुम्हाला पुष्कळदा ऐकायला मिळेल, आणि तो विचारणाराच बहुधा सर्वांत आधी पाठवण्याजोगा असतो.

पांढरा चट्टा दिसला की तो कापडाने पुसून पाहावा. पुसला जात असेल तर बुरशी किंवा अन्नाचा थर असू शकतो. पुसला जात नसेल, तर चुना लागून पोळले आहे का ते विचारावे. चुन्याची पोळलेली जागा खर्रा थांबवल्यावर काही दिवसांत भरून येते. दोन आठवड्यांनंतरही तसाच राहिलेला, न पुसला जाणारा पांढरा चट्टा कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकतो. मखमलीसारखा लाल चट्टा त्याहून धोक्याचा, त्याला दोन आठवडेसुद्धा देऊ नयेत.

'थोडं तिखट लागते न बाई, बाकी काही नाही,' असे म्हणणाऱ्या खर्रा खाणाऱ्या तरुणाचे गाल आतून बोटाने चाचपावेत. गाल फिकट, संगमरवरासारखे पांढुरके पडलेले असतील, त्यांत ताठ दोऱ्या लागत असतील आणि तोंडात तीन बोटे जात नसतील, तर गाल आतून आखडण्याचा आजार सुरू झाला आहे. याचे मुख्य कारण सुपारी आहे. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलेले आहे, त्यामुळे 'मी बिनतंबाखूचा खातो' या म्हणण्याला अर्थ नाही. आखडलेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही, पण खर्रा सुटला आणि उपचार झाले तर पुढचे नुकसान थांबवता येते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी पानठेल्यावर घोटून मिळणारा खर्रा शाळकरी पोरांच्याही खिशात असतो. सरकारी तपासणी तीस वर्षांवरच्यांसाठी आहे आणि तिच्यासाठी आशा ताई भरतात त्या सीबॅक या प्रश्नअर्जात न भरणारा व्रण, पांढरा-लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास यांबद्दल प्रश्न आहेत. माझ्या मते विदर्भात तीस वर्षांपर्यंत थांबणे परवडणारे नाही, खर्रा खाणारा अठरा वर्षांचा असला तरी त्याचे तोंड पाहावे. सोडायची तयारी असणाऱ्याला १८००-११२-३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा.

टोकदार दातामुळे जिभेच्या कडेला झालेला व्रणसुद्धा, दंतचिकित्सकांनी तो दात घासून गुळगुळीत केल्यावर दोन आठवड्यांत भरला नाही, तर त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासायला हवा. 'तुकडा काढला की रोग पसरतो' ही भीती गावोगाव आहे. तुकडा तपासल्याने रोग पसरत नाही. ज्यांचा रोग आधीच पुढे गेलेला होता अशांच्या कहाण्या लोकांच्या लक्षात राहिलेल्या असतात. हे शांतपणे, घरच्यांसमोर सांगावे.

आजच पाठवायचे ते कोण

हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी लाकडासारखी टणक सूज, वर उचलली गेलेली जीभ, गिळता न येणे, लाळ गळणे किंवा बदललेला आवाज यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा. दाढेचा पू मानेत उतरल्याने काही तासांत श्वास कोंडू शकतो, त्यामुळे अशा माणसाला आडवे न झोपवता बसवूनच न्यावे. मधुमेही माणसाच्या टाळूवर काळी जागा, अचानक हललेले दात, गालाची किंवा डोळ्याखालची सूज दिसली तरीही त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. २०२१ मध्ये कोविडनंतर दिसलेली काळी बुरशी अजूनही अनियंत्रित साखरेच्या रुग्णांत आढळते. तोंड अजिबात न उघडणे आणि अंगाला झटके किंवा ताठरपणा असेल तर धनुर्वाताचा संशय धरून वाहन मागवावे.

चिठ्ठी, नोंद आणि पुढची भेट

'तोंड आले आहे' असे चिठ्ठीत लिहिल्याने पुढच्या डॉक्टरांना काही कळत नाही. 'उजव्या गालात, शेवटच्या दाढेसमोर, साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा, पुसला जात नाही, पोळ्यापासून आहे, खर्रा उजव्या बाजूला, दोन बोटे जातात' असे लिहिले तर डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत कामाला लागतात. परवानगी घेऊन फोटो काढला असेल तर तो फक्त डॉक्टरांना दाखवावा, गटांवर टाकू नये.

वाट साधारण उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, दंतचिकित्सक असलेले ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय अशी असते. पुढच्या उपचारांसाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय, वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय, तसेच कर्करोगासाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, म्हणून रेशनकार्ड आणि आधारकार्ड निघतानाच बरोबर द्यावे. कागदासाठी नागपूरहून परत आलेला माणूस दुसऱ्यांदा जाईलच असे नाही. कापूस वेचणी किंवा धान रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडते म्हणून लोक तारीख पुढे ढकलतात, तेव्हा जाण्याचा दिवस त्यांच्याशी बोलून ठरवावा आणि सोबत कोण जाणार तेही विचारून घ्यावे.

ज्यांना थांबून पाहायचे ठरले, त्यांच्या नावापुढे डायरीत पंधराव्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी पुन्हा घरी जाऊन, त्याच उजेडात, त्याच क्रमाने तोंड पाहावे. 'बरं झालं बाई' असे दारातूनच सांगितले तरी बॅटरी काढावी.